फोन भरला आहे: आधी जपायचे काय, मग पुसायचे काय

तुमचा प्रश्न प्रथम माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात काम करता, ६४ जीबीचा अँड्रॉइड फोन चार वर्षांपासून वापरता आणि व्यापाऱ्यांना रोज नव्या डिझाइनचे फोटो पाठवता. आता फोन ‘स्टोरेज फुल’ असे सांगून नवा फोटोच काढू देत नाही. गेल्या आठवड्यात गॅलरीतले सुमारे दोन हजार फोटो पुसूनही जागा झाली नाही. कुणी ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करा, म्हणते, कुणी क्लीनर ॲप सुचवते, आणि यातले काय करावे असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहावे तसे, तुम्ही हेही लिहिले आहे की दोन वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचे व्हॉइस मेसेज याच फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये आहेत आणि ते जाता कामा नयेत.

नवी पेठेत माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि गेल्या सोळा वर्षांत ‘मेमरी फुल’ ही तक्रार मी फुटलेल्या काचेइतक्याच वेळा ऐकली असेल. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ पहिली धरली पाहिजे. जागा मोकळी करणे फारसे अवघड नाही. फोनमधल्या कोणत्या गोष्टीची दुसरी प्रत कुठेही नाही हे ओळखणे अवघड आहे, आणि ते ओळखेपर्यंत पुसण्याच्या कुठल्याही बटणाला हात लावू नये.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो त्याला कारण आहे. दुकान सुरू होऊन पाचसहा वर्षे झाली होती, तेव्हा साखर पेठेतल्या एक बाई असाच भरलेला, सारखा हँग होणारा फोन घेऊन आल्या. मी त्यांचे सगळे फोटो आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले, त्यांना ते उघडून दाखवले आणि फोन फॉरमॅट केला. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. त्यांच्या आईने जात्यावरच्या ओव्या व्हॉइस मेसेजमध्ये म्हणून पाठवल्या होत्या आणि आई त्या वर्षी गेल्या होत्या. व्हॉइस मेसेज गॅलरीत दिसत नाहीत, म्हणून मी गॅलरीतले तेवढे घेतले आणि बाकीचे गेले. मी बरेच दिवस प्रयत्न केला, पण त्या ओव्या परत मिळाल्या नाहीत. चूक पूर्णपणे माझी होती. ‘यात आणखी काय जपायचे आहे?’ एवढे विचारायला मला एक मिनिटही लागले नसते. तेव्हापासून फोन हातात घेतला की पहिला प्रश्न तोच असतो. आजच्या फोनांत तर परिस्थिती आणखी कडक आहे. साठवलेला मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो आणि फॉरमॅट करताना त्याची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे ‘रिकव्हरी करून देतो’ असे कुणी सांगितले तरी फॉरमॅटनंतर सहसा हाती काही लागत नाही.

म्हणून आज रात्री पहिले काम वडिलांच्या आवाजाचे करा. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, पुढे ‘व्हॉट्सॲप’ आणि परत ‘मीडिया’ अशी वाट आहे. तिथे ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ नावाचे फोल्डर मिळेल. ते उघडल्यावर सहा आकडी नावांची अनेक छोटी फोल्डरे दिसतील. पहिले चार आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे असतात. आतल्या फाइलींची नावे ‘पीटीटी’ या अक्षरांनी सुरू होतात आणि त्यापुढे तारीख असते. पाठवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते, त्यामुळे वडिलांचे संदेश तेवढे निवडत बसू नका. संपूर्ण फोल्डर उचला. आवाजाची फाइल फार लहान असते, एका मिनिटाच्या संदेशाला साधारण एकदोनशे केबी पुरतात. अर्ध्या मिनिटाचे पाचशे संदेश असले तरी ते सगळे मिळून शंभर एमबीच्या आत बसतील, म्हणजे चांगल्या दर्जाच्या व्हिडिओच्या एका मिनिटाएवढी जागासुद्धा ते अडवत नाहीत.

कोणता संदेश केव्हा आणि कोणी पाठवला हे पुढे कळावे म्हणून दुसरी गोष्टही करा. वडिलांची चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून ‘एक्सपोर्ट चॅट’ निवडा आणि मीडियासह पाठवा. यात शेवटचे सुमारे दहा हजार संदेश येतात. त्यासोबत जी साधी मजकुराची फाइल तयार होते तिच्यात प्रत्येक संदेशाची तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचे नाव आणि त्याच्याशी जोडलेल्या फाइलीचे नाव असते. वर्षांनी कुणी ‘हे बाबा कधी बोलले होते?’ असे विचारले तर उत्तर त्या फाइलीत सापडेल. चॅट फार मोठी असेल तर जुने संदेश त्यात येणार नाहीत. त्यांच्यासाठी वर सांगितलेले फोल्डरच आधार आहे.

या प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा: एक पेनड्राइव्हवर किंवा घरच्या संगणकावर, दुसरी गूगल ड्राइव्हवर. भाऊ-बहीण असतील तर तिसरी त्यांच्या फोनमध्ये असू द्या. मग दोनचार फाइली नव्या जागेवरून उघडून प्रत्यक्ष ऐका. फाइल उतरली असे स्क्रीनवर दिसणे आणि ती खरोखर वाजणे यांत फरक असतो, हे मी काउंटरवर अनेकदा पाहिले आहे.

इथे बहुतेक लोक म्हणतात की व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज रात्री ड्राइव्हवर जातोच, मग वेगळी प्रत कशाला. तो बॅकअप म्हणजे फोनच्या आजच्या स्थितीची नक्कल असते आणि नवा बॅकअप झाला की तो जुन्याची जागा घेतो. आज तुम्ही चुकून एखादी चॅट पुसली आणि रात्री बॅकअप झाला, तर बॅकअपमधूनही ती गेली. नवा फोन घेताना हा बॅकअप फार उपयोगी पडतो, पण ठेवणीतल्या वस्तूसाठी त्यावर विसंबू नये. शिवाय २०२४ पासून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत मोजला जातो. त्याच १५ जीबीत तुमचे जीमेल आणि गूगल फोटोजही आहेत. ही जागा भरली की जीमेलवर नवी पत्रे येणे बंद होते. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी मेलवर येत असतील तर हे तुम्हाला परवडणार नाही, म्हणून ड्राइव्हमध्ये किती जागा उरली आहे तेही आजच पाहून ठेवा.

आता दोन हजार फोटोंचे कोडे. फोटो पुसला की तो लगेच जात नाही, कचरापेटीत जातो आणि तिथेही पूर्वीइतकीच जागा अडवून बसतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि बॅकअप न झालेला ३० दिवस. फोन कंपनीची स्वतःची गॅलरी असेल तर तिची कचरापेटी वेगळी असते आणि फाइल मॅनेजरची आणखी वेगळी. तुमच्या फोटोंना आठवडाच झाला आहे, त्यामुळे ते जवळजवळ नक्की तिथेच आहेत. एक फोटो तीन-चार एमबीचा धरला तर ही सहा ते आठ जीबी जागा तुम्ही आधीच कमावलेली आहे, फक्त ती पदरात पडलेली नाही. कचरापेटी रिकामी करण्यापूर्वी मात्र ती एकदा शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहा. घाईत दोन हजार फोटो पुसताना जमिनीच्या उताऱ्याचा किंवा लेकराच्या पहिल्या दिवसाचा फोटो त्यात गेल्याचे मी पाहिले आहे, आणि कचरापेटी रिकामी झाल्यावर तो परत येत नाही.

याच संदर्भात एक मोठा गैरसमज दूर करतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू असेल आणि तुम्ही त्या ॲपमधून नेहमीच्या पद्धतीने फोटो डिलीट केला, तर तो फोनमधून आणि गूगलकडूनही जातो. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरायचा असतो. जे फोटो गूगलकडे सुखरूप पोहोचले आहेत त्यांच्याच फोनमधल्या प्रती तो काढतो. ‘गूगलवर आहेत ना, मग इथले पुसतो’ असे म्हणून दोन्हीकडचे फोटो घालवलेली माणसे महिन्यातून एकदोन तरी माझ्याकडे येतात. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो १५ जीबीत धरले जात नव्हते, म्हणून जुन्या सवयीने अनेकांना अजूनही गूगल फोटोज अमर्याद फुकट आहे असे वाटते. त्या तारखेनंतरचा प्रत्येक फोटो मोजला जातो.

इथवरचा क्रम असा झाला: आधी आवाजाच्या प्रती, मग त्या ऐकून खात्री, मग कचरापेटी. एवढ्यानेच फोन पुन्हा फोटो काढू लागेल. पुढचे काम सावकाश, एखाद्या रविवारी करण्याचे आहे.

रविवारी कागद-पेन घेऊन बसा. सेटिंग्जमधील स्टोरेजचे पान उघडा आणि प्रत्येक भागापुढचा आकडा लिहून काढा. मी काउंटरवर गिऱ्हाइकासमोर नेहमी हेच करतो, कारण नेमके काय भरले आहे याचा आपला अंदाज बहुधा चुकतो. अलीकडेच एका निवृत्त शिक्षकांचा ६४ जीबीचाच फोन आला होता. नातवाच्या फोटोंनी फोन भरला आहे आणि ते पुसावे लागणार, या काळजीत ते होते. कागदावर आकडे आले ते असे: सिस्टीम १६ जीबी, ॲप १४, व्हॉट्सॲप २१, कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ ६, उरलेले ७ डाउनलोड आणि कचरापेटीचे. नातवाचा एकही फोटो न पुसता त्या फोनमध्ये वीस जीबी जागा झाली. हे वाटप सगळ्यांचे सारखे नसते. काही फोनांत व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ ‘इमेजेस’ आणि ‘व्हिडिओज’ या नावाखाली मोजले जातात, त्यामुळे तुमच्या कागदावर व्हॉट्सॲप लहान आणि फोटो मोठे दिसले तरी लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

व्हॉट्सॲपमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ असे पान आहे. वर ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढलेल्या असतात, खाली कोणत्या चॅटने किती जागा घेतली ते उतरत्या क्रमाने असते. आपल्या सोलापुरात एकाच फोनमध्ये मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांतल्या शुभ सकाळच्या प्रतिमा साठलेल्या असतात. त्यात ‘पाणी आज येणार की उद्या’ हे कळवणारा गल्लीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, लग्नाच्या पत्रिकांचे व्हिडिओ यांची भर पडते. त्या पानावर वर दिसणाऱ्या दोन याद्यांतले फॉरवर्ड आणि मोठे व्हिडिओ बहुधा निर्धास्तपणे काढता येतात. ‘सगळे निवडा’ मात्र करू नका, कारण घरच्या माणसाने पाठवलेला मोठा व्हिडिओही याच यादीत असतो. जे ठेवायचे त्याची आधी प्रत करून घ्या. व्हॉट्सॲपच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. समोरच्याने पाठवलेली फाइल तुमच्यापर्यंत पोहोचली की कंपनी ती आपल्या सर्व्हरवर जपून ठेवत नाही, त्यामुळे पुसलेली फाइल पुन्हा उतरवून घेता येईल याची खात्री नसते. टेलिग्रामचे याच्या उलट आहे. तिथल्या साध्या चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, म्हणून टेलिग्रामची साठवण रिकामी केली तरी फाइल पुन्हा उतरवता येते. तुमच्याकडे टेलिग्राम असेल तर रविवारच्या या कामात त्याची साठवण सर्वांत आधी रिकामी करा.

तुमच्या कामामुळे आणखी एक जागा तपासली पाहिजे. डिझाइनचा फोटो तुम्ही गॅलरीतून निवडून पाठवता तेव्हा व्हॉट्सॲप त्याची आपली वेगळी प्रत तयार करून ‘व्हॉट्सॲप इमेजेस’मधल्या ‘सेंट’ या फोल्डरात ठेवते. रंग नीट दिसावेत म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असेल तर ‘व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स’मधल्या ‘सेंट’मध्ये मूळ आकाराची पूर्ण प्रत पडते. टॉवेलच्या एका बॉर्डरचा फोटो अशा रीतीने कॅमेऱ्यात एकदा आणि व्हॉट्सॲपमध्ये एकदा-दोनदा बसतो, आणि गॅलरीत तुम्हाला त्यातला फक्त एक दिसतो. चार वर्षे रोज वीस-पंचवीस फोटो पाठवणाऱ्या माणसाच्या ‘सेंट’ फोल्डरात अनेक जीबी साठणे स्वाभाविक आहे. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरात किंवा कारखान्याच्या संगणकावर असल्याची खात्री करा आणि मग ‘सेंट’मधले जुने फोटो पुसा. ते पुसले की चॅटमध्ये त्या जागी ते उघडणार नाहीत. एखाद्या व्यापाऱ्याशी ‘आम्ही हाच नमुना पाठवला होता’ असा वाद होऊ शकत असेल, तर चालू हंगामाचे फोटो राहू द्या आणि त्यापूर्वीचे काढा. कोणता हंगाम चालू मानायचा हे तुमच्या धंद्यावर अवलंबून आहे, ते तुम्हीच ठरवू शकता.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरात ‘डेटाबेसेस’ नावाचाही एक भाग असतो. तिथे फोनमध्येच घेतलेल्या गेल्या काही दिवसांच्या बॅकअपच्या फाइली असतात. वर्षानुवर्षांच्या चॅट असतील तर त्यातली एकेक फाइल जीबीच्या आसपास जाऊ शकते. नावात जुनी तारीख असलेल्या फाइली काढल्या तर चालते, परंतु ज्या फाइलीच्या नावात तारीख नाही ती सर्वांत ताजी असते, तिला हात लावू नका.

व्हिडिओविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण एकाच फाइलीत सर्वाधिक जागा तिथेच जाते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपली की पुढच्या आठवड्यात माझ्या दुकानात भरलेल्या फोनांची रांग लागते. यंदा एका तरुणाने नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा अकरा मिनिटांचा सलग व्हिडिओ आणला होता. बाराबंदीतले मानकरी, तोललेल्या उंच काठ्या, सगळे सुरेख टिपलेले होते. कॅमेऱ्याची सेटिंग ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम अशी होती. या सेटिंगला मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात, म्हणजे तो एक व्हिडिओ ४.४ जीबीचा होता. तोच १०८० पिक्सेलच्या साध्या दर्जात आणि नव्या, कमी जागा घेणाऱ्या पद्धतीने घेतला असता तर मिनिटाला सुमारे ६० एमबी धरून पाऊण जीबीच्याही आत बसला असता, आणि फोनच्या पडद्यावर फरक कळलाही नसता. तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना म्हणून तो तरुण आला होता. पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर होती, पण तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. पेनड्राइव्हवरचे सामान काढून तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला आणि काम झाले. तुमच्यासाठी यातला उपयोगाचा भाग असा की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओचा दर्जा १०८० पिक्सेल आणि ३० फ्रेमवर आणून ठेवा. घरच्या लग्नासारख्या प्रसंगी तो मुद्दाम वाढवावा आणि नंतर पुन्हा खाली आणावा.

पेनड्राइव्हवर फाइली नेताना ‘मूव्ह’ किंवा ‘कट’ कधीही वापरू नका. कॉपी करा, दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहा, मधल्या आणि शेवटच्या दोन-तीन फाइली उघडा, आणि मगच फोनमधल्या पुसा. ‘कट’ सुरू असताना पेनड्राइव्ह हलला की फाइल अर्धवट राहू शकते किंवा हरवू शकते.

ॲपच्या बाबतीत ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही दोन बटणे शेजारी असतात आणि त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. कॅशे म्हणजे पुन्हा पटकन दाखवता यावे म्हणून ॲपने तात्पुरते साठवलेले सामान. ते काढल्याने काही बिघडत नाही, फक्त काही दिवसांत पुन्हा साठते. डेटा काढला की ॲप नव्याने बसवल्यासारखे होते: लॉगिन जाते, त्यात जपलेले काम जाते. पैसे पाठवण्याच्या ॲपचा डेटा काढला तर सिमवरून पुन्हा नोंदणी करावी लागते आणि नेमके त्याच वेळी रेंज नसली तर माणूस अडकतो. म्हणून बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपमध्ये डेटाच्या बटणाकडे जाऊच नका. गाणी आणि मालिका दाखवणाऱ्या ॲपमध्ये ऑफलाइन पाहण्यासाठी उतरवलेले भाग पडून असतात. ते त्या त्या ॲपमध्ये जाऊनच काढावे लागतात, गॅलरीत ते दिसत नाहीत.

आता तुम्हाला मिळालेल्या दोन सल्ल्यांविषयी. क्लीनर ॲप घेऊ नका. गेल्या अनेक आवृत्त्यांपासून अँड्रॉइड एका ॲपला दुसऱ्याच्या खासगी जागेत जाऊ देत नाही, त्यामुळे ही ॲप्स करू शकतात ते बहुतेक काम फोनमधील स्टोरेजच्या पानावरून तुम्हालाही करता येते. त्यापलीकडे जायचे तर ती ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ती परवानगी दिली की ते ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. ज्या फोनवर कारखान्याचे पैसे येतात-जातात तिथे अशी परवानगी एखाद्या अनोळखी ॲपला देणे मला मुळीच मान्य नाही. यादी सोयीने पाहायची असेल तर गूगलचे ‘फाइल्स’ हे ॲप पुरेसे आहे. एकसारख्या फाइली आणि मोठ्या फाइली ते वेगळ्या काढून दाखवते.

फॉरमॅट हा उपाय मी शेवटचा मानतो. फॉरमॅटनंतर तीच ॲप्स, तोच बॅकअप आणि तेच ग्रुप परत येतात आणि काही महिन्यांत फोन पुन्हा भरतो. फोन वारंवार स्वतःहून बंद होत असेल किंवा सिस्टीमच बिघडली असेल तर फॉरमॅटला अर्थ आहे, तुमच्या वर्णनात तसे काही नाही.

मेमरी कार्डाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा सल्ला कुणीतरी तोच देईल. तुमच्या फोनला खाच असेल तर कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर साठवण्याची सोय चांगली आहे, फक्त ज्याची दुसरी प्रत नाही ते कार्डावर ठेवू नका. कार्ड पूर्वसूचना न देता बंद पडते. आणि रस्त्यावर काही शे रुपयांत मिळणारे १ टीबीचे कार्ड घेऊ नका. अशा कार्डात खरी जागा थोडीच असते आणि फोनला मोठा आकडा सांगण्याची व्यवस्था केलेली असते. खरी जागा संपली की पुढच्या फाइली वरवर साठतात आणि उघडत मात्र नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या बारशाचे निम्मे फोटो असे गेलेले मी पाहिले आहेत.

पुन्हा भरू नये म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय या दोन्हींसाठी व्हिडिओचे आपोआप उतरणे बंद करा. बरेच लोक त्याऐवजी ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करतात आणि जागा वाचली असे समजतात. त्याने नव्याने येणाऱ्या फाइली गॅलरीत दिसत नाहीत इतकेच, त्या फोनमध्ये उतरतातच आणि जागाही घेतात.

किती जागा मोकळी ठेवावी? मी दहा ते पंधरा टक्के सांगतो, म्हणजे तुमच्या फोनमध्ये सहा ते नऊ जीबी. फोनमधली साठवण चादरींच्या गोदामासारखी चालते. जमीन मोकळी असली की नवी गाठ आणून ठेवायला क्षण पुरतो. गोदाम दारापर्यंत भरले की एक गाठ आत घ्यायला चार गाठी बाहेर काढून पुन्हा रचाव्या लागतात. या चिपमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट वरून लिहिता येत नाही, आधी आख्खा गट पुसावा लागतो, आणि त्यातले उपयोगाचे सामान तत्पूर्वी दुसरीकडे हलवावे लागते. मोकळी जागा नसेल तर हे हलवणे सतत चालते आणि फोन मंदावतो. अगदी शेवटच्या एमबीपर्यंत भरलेला फोन कधीकधी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही, कंपनीच्या चिन्हावर अडकून राहतो. तुमचा फोन सध्या त्या अवस्थेच्या जवळ आहे, म्हणून आवाजाच्या प्रती घेऊन होईपर्यंत तो बंद करू नका आणि सिस्टीमचे अपडेटही सुरू करू नका. प्रत घेताना ‘जागा नाही’ असा निरोप आला तर यूट्यूब किंवा ब्राउझरचा कॅशे तेवढा काढा, कामापुरती जागा होईल.

नवा फोन घ्यावा का, हे कागदावरच्या आकड्यांवर ठरेल. सिस्टीम आणि रोजची ॲप्स मिळून चाळीस जीबीच्या आत असतील तर वरील कामे करून हा फोन आणखी काही काळ चालेल. त्यापुढे आकडा गेला असेल तर ६४ जीबीत तुमचे काम यापुढे बसणार नाही आणि १२८ किंवा २५६ जीबीचा विचार करावा. जुना फोन एक्स्चेंजला देणार असाल तर दुकानात तो तुमच्यासमोरच फॉरमॅट करतात. त्याआधी नव्या फोनवर वडिलांची चॅट उघडून दोनतीन संदेश ऐका, पेनड्राइव्हवरचेही ऐका, आणि मगच जुना फोन हातातून सोडा. सिस्टीमचा आकडा एकटाच पंचवीस जीबीच्या वर दिसला तर मात्र थांबा. त्याचे कारण वेगळे असू शकते आणि त्यासाठी मला फोनचे मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती कळवावी लागेल.